वाघ्याचंही नाव घेतलेलं

३ मे

स्वप्नीलची वेबसाइट आज सुरू झाली. निसर्गवाट समितीने यंदापासून पावसाळ्यात ट्रेकवाल्यांना डोंगरात घेऊन जाणाऱ्या वाटाड्यांना नोंदणी सक्तीची केली आहे. नोंदणी नाही तर बिल्ला नाही, आणि बिल्ला नाही तर पायथ्याच्या चौकीतून वर सोडणार नाहीत. ही सगळी नोंदणी ज्या साइटवर होणार ती माझ्या नवऱ्याने केली. कंपनीचं काम संपवून, नेरळच्या आमच्या गॅलरीत बसून, डासांना शिव्या देत.

चहा देताना मी विचारलं, "हे युजरनेम कशाला हवंय? सरळ नाव लिहून घ्यायचं."

"सरळ नावाचे चार निघतात गं. इथे प्रत्येकाने आपलं एक नाव निवडायचं. तेच बिल्ल्यावर छापणार, ट्रेकवाले तेच शोधून फोन करणार. म्हणून एक नाव एकालाच. तू नाव टाइप केलंस की साइट डेटाबेसला विचारते, हे कुणी घेतलंय का? तो हो किंवा नाही सांगतो."

"आणि तो काहीच बोलला नाही तर?"

"तर घेतलंय असं धरायचं. एक नाव दोघांना गेलं तर भांडणं होतील. त्यापेक्षा नकार दिलेला बरा."

पटलं मला. शंका असेल तिथे नाही म्हणावं, असं माझी आई आमच्या स्थळांच्या बाबतीत म्हणायची.

मुदत ३१ मेपर्यंत आहे. कर्जतजवळच्या कोंडाणे गावाच्या वरच्या वाडीतल्या सगळ्या वाटाड्यांची नोंदणी मी करून देणार. साप्ताहिकातल्या सदरात आदिवासींच्या हक्कांवर मी बरंच लिहिलंय. एकदा हाताने काही करून बघते.

६ मे

संताप संताप झालाय. क्रमाने लिहिते.

सकाळी वाडीत पोचले. वाडीला रेंज फक्त एका ऐनाच्या झाडाखाली येते, अगदी कड्याच्या टोकाशी. लोक प्लॅस्टिकच्या पिशव्यांत फोन घालून त्या झाडाला टांगून ठेवतात. वाजला की ज्याचा असेल तो धावतो. झाडावर लाल मुंग्या आहेत, त्यामुळे खाली कुणी बसत नाही. आम्ही झाडाखाली फॉर्म उघडला आणि तो उघडा फोन घेऊन पोशाच्या घरी, त्याच्या बायकोच्या, जनीच्या सारवलेल्या ओट्यावर येऊन बसलो. फॉर्म कसा निवांत भरावा.

पोशा म्हणजे या भागातला सगळ्यात जुना वाटाड्या. लेण्यांपासून राजमाचीपर्यंतची प्रत्येक वाट त्याच्या पायाखालची. मुंबई-पुण्याचे ग्रुप वर्षानुवर्षं 'पोशाच पाहिजे' म्हणून येतात. मी म्हटलं, "मग युजरनेम पोशाच ठेवू."

"मी आधी नुसता पोशा नव्हतो, ताई," तो म्हणाला. "पौषात झालेला म्हनून पोशा. पर वाडीत थोरला पोशा होता, या कोंडीचा बाप. एका नावाचे दोन झाले की थोरल्याचं नाव तसंच ऱ्हातं, धाकल्याला त्याच्या दारातल्या झाडाचं लागतं. माज्या दारात उंबर, म्हनून मी उंबरपोशा. म्हातारा गेला, मग कोंडीला इचारलं, आता मी तुज्या बापाचं नाव घेऊ का? ती हो म्हनली, तवा नुसता पोशा झालो."

"विचारलं नसतं तर?" मी म्हटलं.

जनी म्हणाली, "तर मी याला घरात घेतला नसता. इचारल्याबिगर घेतलेलं नाव अंगाला लागत नाय."

मी 'पोशा' टाइप केलं. फोन थोडा वेळ विचार करत राहिला आणि लाल अक्षरं आली: हे नाव आधीच घेतलेले आहे.

पुन्हा टाइप केलं. तेच. कोंडीचा मुलगा दशरथ पुढे आला. त्याचं नाव टाकलं. घेतलेलं आहे. मग पदू. घेतलेलं आहे. कोंडीलाही बायांचे ग्रुप न्यायचे होते, तिचंही घेतलेलं. ओट्याभोवती जमलेल्या एकाचंही नाव शिल्लक नव्हतं. साइट सुरू होऊन आठवडासुद्धा झालेला नाही.

मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला सांगू? त्यांना नवल वाटलं नाही. पोशा एवढंच म्हणाला, "जमिनीचं बी असंच झालं हुतं. आमी जाऊन बगितलं तवा दुसऱ्याचं नाव लागलेलं."

मी त्याला म्हटलं, या वेळी तसं होणार नाही. मी होऊ देणार नाही.

८ मे

हे कुणाचं काम असेल, यावर दोन दिवस डोकं चालवलं आणि गाडी फिरून फिरून एकाच माणसापाशी येते. कुंभिवलीचा धनेश. हायवेला लागून त्याचं बुकिंगचं ऑफिस आहे, रिसॉर्ट, रॅपलिंग, सगळं. गेल्या वर्षी त्याने पोशाला आपल्या कंपनीचा पिवळा टी-शर्ट घालून ग्रुप न्यायला सांगितलं होतं. पोशाने घातला नाही. आता धनेशने नावंच उचलली. ट्रेकवाले 'पोशा' शोधणार आणि फोन वाजणार कुंभिवलीला. डोकं बघा कसं चालतं एकेकाचं.

खात्री करायला आज पुन्हा वर गेले. झाडाखाली फॉर्म उघडला, ओट्यावर येऊन भरायला घेतला. यावेळी एक चाचणी म्हणून मी माझंच नाव टाकलं. रोहिणी. घेतलेलं आहे. म्हणजे त्याला कळलंय की मी यात पडले आहे.

जनी म्हणाली, "वाघ्याचं टाका."

वाघ्या त्यांचा कुत्रा. टाकलं. हे नाव आधीच घेतलेले आहे.

जनी पदर तोंडाला लावून हसायला लागली. "कुत्र्याचं बी सोडलं नाय गं बाय. आता यानं भुंकायचं ते कुनाच्या नावानं?"

सगळे हसले. मला हसू आलं नाही. माणूस किती खालच्या थराला जातो याचा हा पुरावा आहे, आणि मी तो तारीखवार लिहून ठेवते आहे.

९ मे

सकाळी कर्जतला समितीच्या कचेरीत लेखी तक्रार दिली. वाडीतल्या सगळ्यांची नावं लिहून, वाघ्यासकट. नोंदणीचं काम बघणाऱ्या जया मॅडम बऱ्या आहेत, पण सरकारी नसून सरकारी. तक्रार वाचून त्यांनी विचारलं काय, तर "तिथे रेंज येते का हो?"

"मॅडम, लोकांची नावं चोरीला गेलीत आणि तुम्ही रेंज विचारताय?"

त्यांनी शिक्का मारला आणि पोच दिली.

घरी आले. संध्याकाळी सहज लॅपटॉपवर साइट उघडली आणि 'पोशा' टाकलं. हिरवी अक्षरं आली: हे नाव उपलब्ध आहे.

पुन्हा टाकलं, पुन्हा हिरवी. मग प्रकाश पडला. सकाळी तक्रार, संध्याकाळी नाव मोकळं. कचेरीतून कुणीतरी धनेशला फोन केला असणार आणि तो घाबरला. पण घाबरलेला माणूस चार दिवसांनी पुन्हा धीट होतो. उद्या परत उचलेल. म्हणून मी वाट बघितली नाही. 'पोशा' घेतलं. नंबर माझा दिला, ओटीपी माझ्याकडे आला, झालं. मग दशरथ, पदू, कोंडी, तक्रारीतली एकूण एक नावं. वाडीत चार घरांत मिळून एक फोन असतो म्हणून स्वप्नीलने एका नंबरावर कितीही नावं घ्यायची सोय ठेवली आहे. तिचा असा उपयोग होईल असं त्यालाही वाटलं नसेल. शेवटी वाघ्याही घेतलं. त्या माणसासाठी काहीच शिल्लक ठेवायचं नाही.

वाडीत इतक्यात सांगणार नाही. बोललं की कोंडाण्याच्या चहाच्या टपरीवरून कुंभिवलीला पोचायला वेळ लागत नाही. नावं सुरक्षित आहेत, एवढं पुरे. आज शांत झोप लागेल.

१३ मे

वाडीत गेले. पोशाने माझ्यादेखत ओट्यावर बसून परत आपलं नाव टाकलं. टाइप त्याला जमतं आता, एका बोटाने. घेतलेलं आहे. मी मनात हसले. असणारच, आपल्याकडेच आहे.

मग त्याने 'उंबरपोशा' टाकलं. तेही घेतलेलं. हे मात्र मी घेतलं नव्हतं. म्हणजे धनेशपर्यंत वाडीतली आतली माहितीही पोचते आहे. कोण पोचवत असेल?

पोशाने फोन उलटा करून ओट्यावर ठेवला. "खालापूरला गोडाऊनचं काम हाय. मुकादम इचारत होता. जूनपासून जाईन म्हनतो."

"आणि तुझे ग्रुप?"

"नाव नाय तर ग्रुप कुनाला सोदतील?"

जनी म्हणाली, "याला गोडाऊनमदी ठेवलं तर हा दरवाजा सोदत फिरंल. डोंगरात वाट गावते याला, बंद खोलीत नाय गावायची."

अगदी ओठांवर आलं होतं सांगायचं. सांगितलं नाही. सुनावणी लागू दे. सगळ्यांसमोर धनेशचं पितळ उघडं पाडून मग नाव त्याच्या हातात देईन. त्याला तेव्हा जे वाटेल ते आज गुपचूप सांगून वाटणार नाही.

१७ मे

सदराचा लेख लिहिला. 'नावावर दरोडा'. धनेशचं नाव घातलं नाही, पण 'हायवेलगतचा एक बुकिंगसम्राट' म्हटल्यावर शेंबड्या पोरालाही कळेल.

स्वप्नीलला वाचून दाखवला. तो ऐकत होता, मग मध्येच म्हणाला, "तुम्ही फॉर्म कुठे बसून भरलात?"

"जनीच्या ओट्यावर. का?"

"आणि झाड कुठे आहे?"

"कड्याला. स्वप्नील, मी हक्कांबद्दल वाचतेय आणि तू झाडं विचारतोयस."

तो उठून गॅलरीत गेला. हल्ली तो सारखा गप्प असतो. मला वाटतं धनेशला घाबरतो. दोघे एका शाळेत होते.

२० मे

लेख आला. सकाळपासून फोन. चार जणांनी अभिनंदन केलं, एकाने धमकी दिल्यासारखं अभिनंदन केलं.

दुपारी धनेश स्वतः घरी आला. गाडीतून उतरला, चपला दाराबाहेर काढल्या, सोफ्यावर टेकला. पाणी दिलं ते प्यायला नाही.

"वहिनी, हा बुकिंगसम्राट म्हंजे मीच ना?"

"तुम्हाला तसं वाटत असेल तर काहीतरी कारण असेल."

"दोन ग्रुपनी बुकिंग काढलंय. माजी पोरगी कॉलेजातून रडत आली. म्हनतात तुजा बाप आदिवाश्यांची नावं चोरतो. वहिनी, मला माज्या मेलचा पासवर्ड लक्षात ऱ्हात नाय. दर सोमवारी पोरगी नवा करून देते. मी एवढी नावं चोरून ठेवू कुठं?"

"मग पोशाला टी-शर्ट घालायला का सांगितलं होतं?"

"पावसात लोक हरवू नयेत म्हनून पिवळा. सगळेच घालतात. तो म्हनला, पिवळा घातला तर माश्या येतात. मी म्हनलं, ऱ्हावू दे." तो उठला. दारात म्हणाला, "सप्न्या कुठं हाय?"

स्वप्नील आतल्या खोलीत होता. बाहेर आला नाही.

अभिनय चांगला करतो माणूस. पोरीला मध्ये आणलं की समोरची बाई विरघळते, हे त्याला माहीत आहे. मी विरघळले नाही. पण त्याचा तो न प्यायलेला ग्लास बराच वेळ टीपॉयवर तसाच होता, आणि मला तो उचलावासा वाटेना.

२३ मे

स्वप्नीलने आज मला समोर बसवलं. म्हणाला, "रोहिणी, नावं कुणीच घेतली नव्हती."

"म्हणजे?" मी म्हटलं.

"ओट्यावर रेंज नाही. साइटने विचारलेला प्रश्न डेटाबेसपर्यंत पोचतच नव्हता. उत्तर आलं नाही की 'घेतलेलं आहे' दाखवायचं, असं मीच लिहिलंय. तुला सांगितलंही होतं."

"मग घरी पोशा मोकळं कसं निघालं? तेही तक्रार दिल्यादिवशीच?"

"घरी वायफाय आहे. तेव्हाही ते मोकळंच होतं, आधीही मोकळंच होतं."

"आणि माझं नाव? वाघ्याचं?"

"तेच तर सांगतोय ना मी."

ऐकून घेतलं नाही मी पुढे. सगळं जग अंगावर येतं तेव्हा स्वप्नील स्वतःवर घेतो, ही त्याची जुनी सवय. सोसायटीच्या पाण्याच्या टाकीच्या वेळीही असंच केलं होतं. शाळासोबत्याला वाचवायचंय, म्हणून म्हणे साइटच चुकली. मी म्हटलं, पुढच्या लेखाची वेळ झाली आहे. तो गॅलरीत जाऊन लॅपटॉप उघडून बसला.

धनेशला त्याने फोन केला, हे मला आतून ऐकू आलं. "सॉरी" म्हणत होता. कशाबद्दल ते माहीत नाही.

२६ मे

जिंकलो.

साइट बदलली. आता ओट्यावर नाव टाकलं की लाल अक्षरं येत नाहीत. 'जोडणी नाही, रेंजमध्ये येऊन पुन्हा प्रयत्न करा' येतं. झाडाखाली उभं राहिलं की नावं मोकळी निघतात. लेखाचा दणका बसलाय. स्वप्नील म्हणतो त्याने दुरुस्ती केली. केलीही असेल, पण दबाव कुणी आणला?

कोंडाण्याच्या खालच्या आळीतल्या पोरांनी आज धडाधड नोंदणी केली. आपल्या वाडीतल्यांची नावं मात्र अजून 'घेतलेलं आहे' येतात, कारण ती माझ्याकडे आहेत. दशरथ आणि पदू मुंग्या झटकत झाडाखाली उभे होते. दशरथ म्हणाला, "सगळ्यांची सुटली. आमचीच अडकली. आमच्याशी काय दुश्मनी हाय त्याची?"

आता तीनच दिवस. २९ला जया मॅडमनी सगळ्यांना बोलावलंय. डेटाबेस उघडून ६ ते ९ मेच्या दरम्यान ही नावं कुणाच्या नंबरावर होती ते मी सगळ्यांसमोर वाचून दाखवायला लावणार. त्यानंतर एकेकाला बोलावून त्याचं नाव परत.

पोशाने गोडाऊनला होकार कळवलाय, असं जनी म्हणाली. २९नंतर तो 'नाही' कळवेल.

२९ मे

लिहायचं टाळत होते, पण लिहिते.

कचेरीत पोशा, जनी, कोंडी, दशरथ, पदू. दुसऱ्या बाजूला धनेश एकटा. संपादकांनाही मी बोलावलं होतं. स्वप्नील दाराशी उभा. मी म्हटलं, "मॅडम, माझी एकच मागणी. नावं कधी आणि कुणी घेतली, ते वाचा. काही लपवू नका."

जया मॅडमनी स्क्रीन सगळ्यांना दिसेल अशी फिरवली. "पोशा. नोंद ९ मे, संध्याकाळी."

"त्याच्या आधीची वाचा."

"आधीची नोंदच नाही."

"पुसली असेल."

"पुसली तरी पुसल्याची खूण राहते," स्वप्नील दारातून म्हणाला. "नाहीये, रोहिणी."

मॅडम पुढे वाचत गेल्या. दशरथ, ९ मे. पदू, ९ मे. कोंडी, ९ मे. "सगळी एकाच नंबरावर." आणि त्यांनी नंबर वाचला.

मी बोलणार होते. हो, तो माझा, मी ती सांभाळून ठेवली होती, हे सगळं मी तयार करून आणलं होतं. पण जनी आधी बोलली. तिच्या फोनचा पडदा फुटलाय, त्यामुळे ती नंबर पाठ करून लावते.

"ह्यो तर रोहिणीताईंचा नंबर हाय."

तिच्या आवाजात आरोप नव्हता. ओळखीचं माणूस दिसल्यावर सांगतात, तसं सांगितलं तिने.

धनेशने विचारलं, अगदी हळू, "वाघ्या पन?"

मॅडम म्हणाल्या, "वाघ्या पण."

मग मी बोलले. भरभर बोलले. संरक्षण, तात्पुरतं, विश्वास, सगळे शब्द वापरले. पोशा जमिनीकडे बघत ऐकत होता. माझं झाल्यावर त्याने विचारलं, "म्हंजे त्या दिशी मी ओट्यावर नाव टाकलं आन् घेतलेलं आलं, तवा ते तुमच्याकडं हुतं? आन् तुमी समोर बसलेल्या?"

मी म्हटलं, "हो, पण."

पुढचं वाक्य सोडून मी दुसरीकडे वळले.

मी मॅडमना म्हटलं, आता लगेच सगळी नावं त्यांच्या नंबरावर करा. त्या कागद चाळत म्हणाल्या, "या नावांवर तक्रार आहे. तक्रार असलेली नावं निर्णय होईपर्यंत हलवता येत नाहीत."

"तक्रार माझीच आहे. मागे घेते."

"मागे घेण्याचा निर्णयही समितीच घेते. बैठक पावसाळ्यानंतर."

"पावसाळ्यानंतर? नोंदणी पावसाळ्याची आहे."

"मी नियम केले नाहीत, रोहिणीताई."

असा निर्लज्ज कारभार. स्वप्नील म्हणाला, मी डेटाबेसमध्ये बदलू शकतो. मॅडम म्हणाल्या, "मग पुढची तक्रार तुमच्यावर." नियमापुढे माणसाचं काही नाही. हे मी लिहिणार आहे. संपादक मात्र निघताना म्हणाले की पुढचा आठवडा सदराला सुट्टी देऊ.

३१ मे

शेवटचा दिवस. मला वाडीत कुणी बोलावलं नव्हतं. गेले.

ऐनाच्या झाडाखाली सगळे रांगेने उभे होते, एकमेकांच्या पाठीवरच्या मुंग्या झटकत. प्रत्येकाने नावाआधी दारातलं झाड लावलं होतं. दशरथ झाला 'आंबादशरथ', कोंडी 'करंजकोंडी'. पदूच्या दारात झाड नाही, जातं आहे. तो 'जातेपदू' झाला आणि त्यावरून त्याची टिंगल चालली होती.

पोशाने एका बोटाने टाइप केलं. उंबरपोशा. हिरवी अक्षरं आली.

मी म्हटलं, "पोशा, मी नाव सोडवून आणेन. थोडे महिने जाऊ दे."

"असू द्या, ताई. एका नावाचे दोन झाले की आमच्यात असंच करत्यात." त्याने फोन पिशवीत घातला. "तुमी आधी घेतलं. तुमी थोरल्या."

तो टोमणा मारत नव्हता. मी त्याचा चेहरा नीट पाहिला. तो वाडीचा नियम सांगत होता.

जनी मात्र बोलली नाही माझ्याशी. वाघ्याने ओळखून शेपूट हलवली, तर तिने त्याला हाक मारून बोलावून घेतलं.

गोडाऊनच्या मुकादमाला पोशाने अजून 'येत नाही' असं कळवलेलं नाही. म्हणाला, नव्या नावावर कोन येतंय का ते बगतो.

८ जून

लेखात धनेशबद्दल चूक झाल्याचं पत्र साप्ताहिकात दिलं. तीन ओळी. संपादकांनी ते जाहिरातींच्या खाली, शेवटच्या पानावर छापलं. एवढ्या मोठ्या गोष्टीला एवढीशी जागा. मी चिडून फोन केला तर ते म्हणाले, "लेख पहिल्या पानावर छापला तेव्हा तुम्ही चिडला नव्हतात."

धनेशकडून उत्तर नाही. काय अपेक्षा होती माझी, कळत नाही.

१५ जून

गोठवलेली नावं साइटवरून काढलेली नाहीत. फक्त हलवता येत नाहीत. दिसतात. आणि त्यांच्यापुढे माझा नंबर दिसतो.

सकाळपासून फोन. "पोशा मामा का?" डोंबिवलीचा ग्रुप, पुण्याचं कॉलेज, ठाण्याचे दोन डॉक्टर. मी प्रत्येकाला सांगते, हा पोशाचा नंबर नाही, उंबरपोशा शोधा, तोच तो. लोक गोंधळतात. "मग इथे पोशा लिहिलंय ते कोण?" काय सांगणार? डॉक्टर म्हणाले, दोन-दोन पोशा आहेत तर दुसरीकडे बघतो. डोंबिवलीवाला नुसता हसला. पुण्याचा मुलगा सरळ म्हणाला, "मॅडम, तुम्ही एजंट आहात का? आदिवासी माणसाच्या नावावर बसलाय तुम्ही. लाज वाटत नाही?" आणि फोन ठेवून दिला.

कसला उद्धट मुलगा. काही माहीत नाही, विचारलं नाही, ऐकून घेतलं नाही, आणि सरळ आरोप. मी परत फोन लावला त्याला, दोनदा. त्याने उचलला नाही.

स्वप्नील ताटावर बसला होता. मी सगळं सांगितलं, तावातावाने. तो जेवत राहिला. मग म्हणाला, "विचारलं नाही, ऐकून घेतलं नाही, सरळ आरोप."

"तेच म्हणतेय मी."

त्याने मला भाजी वाढली, मी मागितलेली नसताना.

१८ जून

वाडीत जाऊन आले. चिखलाने चपला हातात घ्याव्या लागल्या.

पोशा कड्यावर ऐनापाशी होता, फोनची वाट बघत. नव्या नावावर एकच फोन आला होता, तोही चुकून. मुकादम सोमवारपर्यंत थांबणार आहे. रेंज लागल्यापासून माझ्या पिशवीत माझा फोन वाजत होता. मी उचलला नाही. पावसाची उघडीप बघून जनी मुंग्यांपासून चार पावलं लांब, दगडावर तांदूळ निवडत होती.

"वाजतोय तुमचा," ती म्हणाली. जवळजवळ तीन आठवड्यांत माझ्याशी बोललेले पहिले शब्द.

"माझा नाही, पोशाचा आहे. गेले कित्येक दिवस त्याचाच वाजतोय."

मी फोन काढून प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, तोंडाला गाठ मारली आणि झाडाकडे चालू लागले. नवं सिम मी कालच घेतलंय. हा नंबर ज्याचे फोन येतात त्याच्याकडे असावा. समितीला जे ठरवायचं ते ठरवो पावसाळ्यानंतर, त्यांच्यावर माझा राग आहे तो आहेच. पोशा मागून आला. त्याच्यामागे जनी, तिच्यामागे वाघ्या.

झाडाखाली मुंग्या होत्याच. मी एका फांदीला हात घातला. त्यावर दशरथची पिशवी होती, पलीकडे कोंडीची. मधली जागा मोकळी दिसत होती. हात तसाच ठेवून मी मागे वळले.

"इथे बांधू का?"

पोशाने जनीकडे पाहिलं. जनीने फांदीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, हातातल्या सुपातला एक खडा काढून टाकला.

"बगा," ती म्हणाली, "इचारता येतं की तुमाला."

मी अजून हात तसाच धरून उभी होते. मुंगी मनगटावर चढली.

"बांधा," ती म्हणाली. "वाजतोय तो."